मनोविकारांची पारख

आपल्या मंडळ्यांत एक समजूत फार दिवसांपासून घर करून आहे. ती अशी की, ज्याचा विश्वास दृढ त्याला राग येत नाही, भय वाटत नाही, आणि घरात मृत्यू झाला तरी त्याच्या डोळ्यांस पाणी येत नाही. आणि ज्याअर्थी ह्या गोष्टी एखाद्याच्या ठायी दिसतात त्याअर्थी त्याचा विश्वास अजून कच्चा आहे. ही शिकवण कोणी उपदेशपीठावरून मुद्दाम दिली असेल असे नाही. दुखवट्याच्या घरी आपण जे बोलतो त्यातून ती पसरते. नवरा गमावलेल्या बाईपुढे आपण बसतो आणि पहिल्या घटकेलाच म्हणतो, "बाई, रडू नका, देवाची मर्जी." बाई पदराने डोळे पुसते. आपण प्रार्थना करून उठतो. तिचे समाधान झाले की केवळ पाहुण्यांच्या मानाखातर तिने डोळे पुसले, हे आपण विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न घ्यावयाचा आहे: मनोविकार दाबणे आणि मनोविकारावर सत्ता चालविणे ह्या दोन गोष्टी एकच आहेत काय?

मनोविकार हा शब्द येथे जुन्या अर्थाने घेतला आहे. पूर्वीच्या मराठीत राग, लोभ, भय, शोक, हर्ष ह्या मनाच्या सर्व चळवळींना तो लावीत. हल्ली डॉक्टर लोक मनाच्या आजारासच मनोविकार म्हणतात, आणि त्यामुळे राग येणे हाही एक आजारच की काय, असे साध्या माणसास वाटू लागते. तसे ते नाही.

ह्या विषयाचा मानसशास्त्रज्ञांनीही पुष्कळ विचार केला आहे. १९९० साली पीटर सालोव्हे व जॉन मेयर ह्या दोघा अमेरिकन पंडितांनी 'भावनिक बुद्धिमत्ता' अशी कल्पना मांडली, आणि १९९५ साली डॅनियल गोलमन ह्यांच्या पुस्तकाने ती जगभर नेली. तिचा सारांश इतकाच की, आपल्या व दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखणे, तो विकार कोठून आला व कोठे नेईल हे समजणे, त्याचा विचाराच्या कामी उपयोग करणे आणि त्याला आवरणे, ही एक प्रकारची बुद्धीच होय, आणि ती पुष्कळ अंशी शिकता येते. पुढे ह्या कल्पनेचा बाजार फार झाला आणि नोकरीत बढती मिळविण्याच्या युक्त्या म्हणून ती विकली जाऊ लागली. तो भाग आपल्या उपयोगाचा नाही. परंतु ती शिकता येते हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कारण 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण पुढे करून कित्येक तापट गृहस्थ आपल्या बायकामुलांवर जन्मभर आग पाखडीत असतात.

आता आपल्याच धाराशिव जिल्ह्यातील एक कथा पाहू. तेर गाव गोरोबाकाकांचे. तेरणा नदीच्या काठी त्यांची समाधी आहे. परंपरेने सांगतात की, त्यांच्या घरी ज्ञानदेव, मुक्ताबाई, नामदेव अशी संतमंडळी जमली असता, ह्यांतील कोणते मडके कच्चे व कोणते पक्के हे पाहावे असे मुक्ताबाईने सुचविले. गोरोबांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे स्वस्थ बसले. नामदेवांना मात्र हा अपमान वाटला, आणि हे मडके कच्चे असा गोरोबांनी निवाडा दिला.

ही कथा सांगणारे बहुतेक लोक तिचा अर्थ असा करितात की, ज्याला काही वाटले नाही तो पक्का आणि ज्याला वाटले तो कच्चा. मला हा अर्थ पटत नाही. कुंभार मडके थापटून पाहतो तेव्हा तो काय करितो? तो कान देतो. आव्यात नीट भाजलेले मडके खणखणीत वाजते. कच्चे किंवा तडा गेलेले मडके बद्द आवाज करिते. जे वाजतच नाही ते पक्के, असे कोणत्याही कुंभाराच्या मुलास विचारले तर तो हसेल. म्हणजे परीक्षा वाजण्या न वाजण्याची नसून नादाची आहे. नामदेवांना टोला लागला हा त्यांचा दोष नव्हे. त्या टोल्यासरशी त्यांच्या आतून जो नाद निघाला त्यात मान दुखावल्याचा सूर होता, हे त्या जुन्या कारागिराच्या कानाने ओळखले. आणि कथेचा उत्तरार्ध लोक घाईने सांगतात तो तर त्याहून मोलाचा आहे. नामदेव त्या रागापासून काही शिकले. आपल्याला इतके का लागले, हे शोधीत ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले असे सांगतात. ज्याला काहीच लागले नसते तो घरीच राहिला असता.

पवित्र शास्त्र उघडून पाहिले तर देवाची रीतही अशीच दिसते. काइनाचे तोंड उतरले तेव्हा देवाने त्याला रागावू नकोस असा हुकूम केला नाही. त्याने त्याला प्रश्न विचारला की, तू का संतापलास? मनुष्याच्या रागाविषयी शास्त्रात देवाने काढलेला हा पहिला उद्गार प्रश्नरूप आहे, आणि तो रक्तपाताच्या अगोदरचा आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. पाप दाराशी दबा धरून आहे असे देव त्याला सांगतो. म्हणजे राग आणि पाप ह्यांच्यामध्ये अजून एक उंबरठा आहे आणि काइन त्याच्या अलीकडे उभा आहे. काइनाने उत्तर दिले नाही. तो सरळ भावाकडे शेतात चलण्याविषयी बोलला. योनाची गोष्टही तीच. निनवे वाचले म्हणून तो रुसून नगराबाहेर बसला, तेव्हा देवाने त्यालाही प्रश्नच केला, आणि तोही एकदा नव्हे, दोनदा.

ह्याहून मोठा दाखला बेथानीचा. लाजराला आपण उठविणार हे प्रभूला ठाऊक होते. आपल्या समजुतीप्रमाणे त्याने मार्था व मरीया ह्यांस, रडता कशाला, आता पाहा, एवढेच म्हणावयास पाहिजे होते. परंतु मरीयेला व तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून तो स्वतः व्याकुळ झाला आणि रडला. पुनरुत्थानाची खात्री असणे आणि कबरेपाशी रडणे ह्यांत विरोध नाही, हे ह्याहून स्पष्ट कसे सांगता येईल? कोणी म्हणेल की सर्वदा आनंद करण्याविषयी प्रेषिताची आज्ञा आहे. होय, ती फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. आणि त्याच पत्रात पौल लिहितो की, एपफ्रदीत आजारातून वाचला नसता तर मला दुःखावर दुःख झाले असते. आनंदाचे पत्र लिहिणाऱ्याने आपले दुःख लपविलेले नाही.

मानसशास्त्राच्या प्रयोगांनी ह्या बाबतीत काय दाखविले तेही पाहण्यासारखे आहे. १९९३ साली जेम्स ग्रॉस व रॉबर्ट लेव्हेन्सन ह्यांनी काही तरुणांस किळस यावी असे चित्रपट दाखविले आणि त्यांतील काहींस सांगितले की, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांनी चेहरे आवरले. परंतु आतली किळस कमी झाली नाही, आणि शरीराच्या आतील खळबळ मात्र इतरांहून वाढली. झाकण दाबल्याने चूल विझत नाही असाच ह्याचा अर्थ. मग झाकण उडवून द्यावे काय? तेही नाही. ब्रॅड बुशमन ह्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांना मुद्दाम राग आणविला होता अशांपैकी काहींना, त्या माणसाला मनात आणून एका पिशवीवर ठोसे मारू दिले. स्वस्थ बसून राहिलेल्यांपेक्षा ते अधिकच रागीट निघाले. रागाची वाफ एकदा बाहेर जाऊ द्यावी म्हणजे मन मोकळे होते, असे सांगत घरात भांडी आपटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पौलाने रागाला सूर्यास्तापर्यंतची मुदत दिली आहे. राग येणे त्याने गृहीत धरिले. तो रात्रभर उबवू दिला नाही.

दाबणे व उधळणे ह्या दोहोंखेरीज तिसरी वाट आहे, ती नाव देण्याची. मॅथ्यू लीबरमन व त्यांचे सहकारी ह्यांनी २००७ साली दाखविले की, रागाचे किंवा भयाचे चेहरे पाहात असता मनुष्याने त्या भावनेला योग्य शब्द निवडला, तर मेंदूतील अमिग्डला नावाचा जो भाग संकटाची हाकाटी करितो त्याची चळवळ मंदावते. आता ह्या कामी आपली मराठी भाषा किती संपन्न आहे पाहा! राग, संताप, चीड, वैताग, त्रागा, रुसवा, धुसफूस, चडफड, जळफळाट. ह्यांतील प्रत्येकाचे कारण निराळे आणि उपायही निराळा. चीड अन्यायाने येते, ती कधी कधी देवाच्या कामी पडते; जळफळाट दुसऱ्याच्या सुखाने होतो, तो पश्चात्तापासच पात्र आहे. दुःखाचेही तसेच: खंत, हळहळ, हुरहुर, रुखरुख, खिन्नता. आपल्या आजीपणजींस हे सारे शब्द येत होते. हल्ली खेड्यातला माणूस ह्या सर्वांना मिळून एकच शब्द वापरतो, 'टेन्शन'. कर्ज थकले तरी टेन्शन, भाऊ बोलला नाही तरी टेन्शन, आणि जगणे नकोसे झाले तरीही टेन्शनच. ज्या दुखण्याला नाव नाही त्याला औषध कोणते द्यावे?

नाव देण्याच्या ह्या कलेचा उत्तम नमुना आपल्या ख्रिस्ती समाजातच आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि बाईंचा १९०० साली. मधली वर्षे त्यांना पतीच्या विरहाची व लोकनिंदेची गेली. एवढ्या थोर कवीच्या पत्नीने आपल्या यजमानांचा शीघ्रकोप झाकून ठेवावा अशी कोणी अपेक्षा करील. त्यांनी तो झाकला नाही आणि तिखटमीठ लावून वाढविलाही नाही. स्वतःचा राग, स्वतःचे भय, सोवळ्याओवळ्याविषयीचा स्वतःचा हट्ट हेही त्यांनी त्याच सरळपणे सांगितले, आणि सांगताना त्या स्वतःवर हसतात. शाळेत बसून विद्या न मिळविलेल्या ह्या बाईला मनाची जी पारख होती ती पुष्कळ पदवीधरांना नसते.

येथवर मानसशास्त्र आणि शास्त्र जोडीने चालले. आता जेथे वाट फुटते तेथे आलो. मनाची पारख हा सद्गुण आहे काय? माझे उत्तर असे की, नाही. ती केवळ शक्ती आहे. ज्या सावकाराचे केस धंद्यात पिकले त्याच्याइतकी पारख कोणास असते? ऋणको ओसरीवर येऊन उभा राहिला की, त्याच्या पागोट्याच्या टोकाशी चाळा करणाऱ्या बोटांवरून सावकार ओळखतो की मुलीचे लग्न ठरले आहे, आणि आता हा कोणतेही व्याज कबूल करील. तो आवाज चढवीत नाही, चहा पाजतो, दुःखाची विचारपूस करितो. अबशालोमाचा इतिहास वाचा. वेशीजवळ उभे राहून तो प्रत्येक फिर्यादीचे गाऱ्हाणे ऐके, त्याचा हात धरी, त्याचे चुंबन घेई, आणि अशा रीतीने त्याने इस्राएल लोकांची मने चोरली. त्या काळी यरुशलेमात भावनिक बुद्धिमत्तेची परीक्षा घेतली असती तर पहिला क्रमांक त्याचाच आला असता. आणि मतांसाठी दारी येणारे अबशालोम आपल्या गावी काही थोडे नाहीत.

मनुष्यात काय आहे हे प्रभूलाही ठाऊक होते, असे योहान लिहितो. परंतु विहिरीवरच्या शोमरोनी बाईच्या अत्यंत हुळहुळ्या जागेवर त्याने बोट ठेविले ते तिला मोकळी करण्यासाठी. तिच्यापासून त्याला मागावयाचे होते ते केवळ घोटभर पाणी. शुभवर्तमानात लोकसमुदायाला पाहून त्याला कळवळा आला असे वारंवार येते. मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून झालेला आहे, आणि आपल्या कळवळा ह्या शब्दातही कळ ऐकू येतेच. सावकाराला दुसऱ्याचे दुःख कळते, पण त्याची कळ लागत नाही. ही कळ कोणत्याही शिकवणीवर्गात उत्पन्न करिता येत नाही. ती प्रीतीचे दान आहे. उलटपक्षी, प्रीती आहे पण पारख नाही, अशी भली माणसेही आपल्यांत पुष्कळ आहेत, आणि ती किती दुखवितात हे त्यांस कळतही नाही. ईयोबाचे तीन मित्र असेच होते. ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले तोपर्यंत ते उत्तम मित्र होते. तोंड उघडून त्यांनी देवाच्या वतीने कारणे सांगण्यास आरंभ केला तेव्हापासून ते त्याला त्रासदायक झाले.

आपल्या जिल्ह्याला हा धडा फार जवळचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतरच्या त्या रात्री, लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांत भूकंप झाला, आणि किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. हजारो माणसे झोपेत मेली. त्या दिवसांत भाकरी, कापड व पत्रे घेऊन येणारे धन्य होत. परंतु हा कोणत्या पापाचा दंड हे समजावून सांगणारेही कोठे कोठे निघाले असतीलच, कारण ईयोबाच्या मित्रांचा वंश अजून खुंटलेला नाही. पुढे नवी गावे वसली. तथापि घर नवे झाले म्हणजे शोक जुना होतो असे नाही. शोकाला त्याची स्वतःची चाल असते, आणि ती सरकारी पंचनाम्याच्या मुदतीत संपत नाही.

भूकंपाला तारीख तरी असते. दुष्काळ, नापिकी आणि कर्ज ह्यांनी जो भूकंप एकेका घरात होतो त्याला तारीखही नसते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २०१५ साली सरकारने यवतमाळ व उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान काढिले. त्याच सुमारास प्रेरणा प्रकल्प नावाच्या योजनेत आशा सेविकांनी मराठवाडा व विदर्भातील घरोघर जाऊन, झोप येते काय, जेवण जाते काय, निराश वाटते काय, असे साधे प्रश्न विचारावेत असे ठरले. प्रश्नच! ज्या कामाला आपण मोठमोठे उपदेश करू पाहतो त्याचा आरंभ तेथे विचारण्याने केला आहे. ह्याला केवळ दयाळूपणाचा नव्हे, तर अनुभवाचाही आधार आहे. गोव्यात संगाथ ह्या संस्थेने डॉक्टर नसलेल्या सामान्य माणसांना शिकवून तयार केले, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या तीव्र खिन्नतेच्या रोग्यांशी त्यांनी सहा ते आठ वेळा बसून बोलावे अशी व्यवस्था केली. २०१७ साली ह्याची हकीकत लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आली. तीन महिन्यांनी पाहता, ज्यांना हा लाभ मिळाला त्यांतील शंभरी ६४ जणांची खिन्नता ओसरली होती; ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यांत हे प्रमाण ३९ होते. तेव्हा हे काम पदवीधर मनोवैद्यांवाचून होतच नाही, असे म्हणून उपदेशकबंधूंनी अंग काढून घेऊ नये.

एक भीती पुष्कळांच्या मनात असते, तिच्याविषयी येथेच सांगतो. जीव नकोसा झाला आहे काय, असे सरळ विचारिले तर नसलेला विचार त्या माणसाच्या मनात शिरेल असे आपणांस वाटते. ते खरे नाही. विचारल्याने पुष्कळदा त्याचा जीव हलका होतो, कारण इतके दिवस तो एकटाच ते ओझे वाहात होता. उत्तर होय असे आले तर उपदेश बाजूस ठेवावा, त्याला एकटे सोडू नये, घरच्यांस विश्वासात घ्यावे आणि तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात बरोबर जावे. सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक स्तोत्रांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. डॉक्टरकडे जाणे हा अविश्वास नव्हे. मोडलेला हात आपण पट्टी न बांधता प्रार्थनेवर ठेवीत नाही.

एलीयाची गोष्ट ह्याच दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. कर्मेलावर जय मिळविलेला तो संदेष्टा दुसऱ्याच दिवशी ईजबेलीच्या धाकाने पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला, आणि आपला प्राण घे म्हणून देवाला विनवू लागला. इतका मोठा विश्वासी, आणि असे मागतो! देवाने त्याला दोष दिला नाही. दूताने त्याला स्पर्श करून उठविले आणि उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे होते ते दाखविले. तो जेवला आणि पुन्हा निजला. दूताने त्याला निजू दिले, मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घातले, कारण वाट लांबची होती. पुढे होरेबावर देवाने त्याला विचारिले की, तू येथे काय करितोस. एलीयाने आपले सारे गाऱ्हाणे सांगितले. वारा, भूकंप आणि अग्नी होऊन गेल्यावर देवाने तोच प्रश्न पुन्हा केला, आणि एलीयाने तेच गाऱ्हाणे जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा सांगितले. हे एकदा ऐकले आहे, असे देव म्हणाला नाही. त्याने ते दोन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकले, आणि मग त्याला काम दिले, आणि सोबतीला अलीशा दिला.